हातचा

पाइन ब्लफला फेब्रुवारीत लवकर अंधारतं.
रेल्वे यार्डात डबे एकमेकांवर आदळतात
आणि माझ्या टेबलावरची पेन्सिल घरंगळते.
ही शाळा पूर्वी बोलिंगचा हॉल होती.
सहावीच्या बाकांखाली लाकडी पट्ट्यांवर
अजून बाण आहेत, सगळे एकाच दिशेला,
जिथं आता फळा आहे.

माझं काम अनुदान सांभाळणं.
सांभाळणं म्हणजे काय गं, आई विचारते,
तुझ्याकडे तर कधी दमडी नसते.
खरंय. पैसा लिटल रॉकला असतो, माझ्याकडे बिलं.
आधी खर्च करा, मग पावती पाठवा,
मग शंका, मग खुलासा, मग सही,
मग कधीतरी वरातीमागून घोडं.
तोवर फर्निचरवाले ट्रॉटर रोज फोन करतात
आणि मी त्यांना त्यांच्या गुडघ्याबद्दल विचारते.

अनुदानात खुर्ची बसते, छप्पर बसत नाही.
पुस्तकं बसतात, ती ठेवायची भिंत नाही.
म्हणून गळक्या छपराखाली
एकशे वीस कोऱ्या खुर्च्या आहेत
आणि तीन बादल्या, ज्या मी
विज्ञान-साहित्यात दाखवल्या नाहीत.
दाखवणार होते.
पाऊस मोजायला, असं लिहिलं असतं.

अर्जात मीच लिहिलं होतं : वाढ.
सहावी, सातवी, आठवी. एकशे वीस नव्या जागा.
जागा लिहिताना तिच्यावर बसलेलं कुणी दिसत नाही,
तेवढं एक बरं असतं.
ऑगस्टात मुलं आली सत्त्याऐंशी.

शून्यातून सात जात नाहीत,
शेजारच्या घरातून हातचा घ्यावा लागतो.
नदीकडच्या जुन्या शाळेत, तिसरीत,
मिस ओपलीननी शिकवलं होतं आम्हाला.
"विचारून घ्या गं," म्हणायच्या, "शेजारी आहे तो."
आमच्या सत्त्याऐंशीतली एकसष्ट
त्याच शाळेतून आली.
पोरामागे पैसा जातो.
तिथला आधी संगीताचा तास गेला, मग नर्स,
मग स्वयंपाकघरातल्या दोघी.
त्यातली एक माझी आई.
एकोणीस वर्षं तिनं तिथं मक्याचा पाव भाजला.

भांडली नाही. हात पुसत म्हणाली,
तुझ्या अनुदानात स्वयंपाकीण बसते का?
मी रात्री नियम काढून पाहिले. दोनदा.
नाही बसत.

मार्चात तपासणीला लिओटा क्रम्प आल्या,
डोळ्यांवर दोन चष्मे, एक कपाळावर.
प्रत्येक खुर्चीचा चिकट नंबर त्यांनी बोटानं वाचला.
अठ्ठ्याऐंशीव्या खुर्चीला नंबर नव्हता.
शोधाशोध. मी खुर्च्या उलट्या केल्या, कपाट ओढलं.
शेवटी क्विंटेलनं, कुणी विचारलं नसताना,
कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट केलं.
'सरकारी अनुदानातील मालमत्ता', तिच्या पोटावर,
वर छपरातून टिप टिप.
"तिला नव्हता, म्हणून दिला," तो म्हणाला.
बाई बराच वेळ बादलीकडे बघत राहिल्या.
मग वर.
मग वहीत काहीतरी लिहिलं, मला दाखवलं नाही.
जाताना म्हणाल्या, "आणि या रिकाम्या तेहतीस?"

तेहतीस खुर्च्या, अकराअकराच्या तीन थप्प्या,
भिंतीला टेकून. अजून प्लास्टिकचा वास येतो त्यांना.
त्या शाळेत चौथीतली पोरं
पाय मोडलेल्या खुर्च्या विटांवर ठेवून बसतात,
हे मला आईनं सांगितलं, सहज, भांडी लावताना.

मी अर्ज केलाय.
विषय : अनुदानातील मालमत्ता शेजारच्या शाळेस
तात्पुरती वापरास देण्याबाबत.
कारणाच्या रकान्यात तीनदा खोडलं.
मग लिहिलं, हातचा होता.
तेही खोडलं. लिहिलं, अतिरिक्त.

अजून उत्तर नाही.
आई विचारत नाही, मीही विषय काढत नाही.
यार्डात डबे आदळतायत, पेन्सिल घरंगळतेय,
फोन वाजतोय. ट्रॉटरच असणार.
आज थंडी आहे, गुडघा दुखत असेल त्यांचा.