फ्रिक्वेन्सी मोकळी ठेवा

मानोय हेर्मो फार बोलायचे.
रोज रात्री साडेआठला, चाळीस मीटरवर,
खाऱ्या वाऱ्याने अँटेनाची तार कशी खाल्ली,
कोंबडी अंडी कुठे लपवते, अबाकाचा भाव किती पडला.
मी दुमागेतेत दिवसभर लोकांची तोंडं उघडून बसलेली;
रात्री हे एक तोंड मिटता मिटत नाही म्हणून
आवाज बारीक करून भांडी घासायचे.

वादळ गिग्मोतोवरून गेलं, त्याला तेवीस तास झाले होते.
टॉवर आडवे.
सेबूचा टॅक्सीवाला, दावाओचे निवृत्त पोस्टमास्तर,
बागिओतली ती रात्रपाळीची नर्स,
सगळे होते, आणि कुणी बोलत नव्हतं.
"फ्रिक्वेन्सी मोकळी ठेवा," एवढंच अधूनमधून कुणीतरी.
इतकी माणसं एकाच जागी जागी आणि गप्प
मी फक्त ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर पाहिली आहेत.

मग खरखरीतून एक आवाज, जीपनीच्या बॅटरीवरचा.
मी ओळखला नाही.
नमस्कार नाही, कोंबडी नाही.
"यादी देतो. लिहून घ्या."

जिवंत एकशे बारा. जखमी नऊ.
इन्सुलिन हवं, दोघांना, उद्यापर्यंत.
मग नावं, अक्षर अक्षर सोडवून.
कुण्या स्पॅनिश साहेबाने वहीतून वाटलेली आडनावं,
त्या गावात निम्मी एकाच अक्षराने सुरू होतात;
दर वेळी टँगो,
आणि दुसरं अक्षर येईतो माझं पेन हवेत.

तिसरा रकाना, न सापडलेले.
सातुर्निना. वय एकसष्ट.
टँगो, अल्फा, पापा, एको, लिमा.
"परत वाचा," ते म्हणाले.
मी वाचत गेले, आणि लिमापाशी जीभ अडली:
हे आडनाव नऊ वर्षं माझ्या वहीत आहे,
त्यांच्याच कॉलसाइनशेजारी.
"बरोबर," ते म्हणाले. "पुढचं नाव."

पहाटे यादी कचेरीत पोचवली.
दुपारी मनिलाहून एका मुलीचा फोन.
यादीबद्दल तिने काही विचारलं नाही.
"पप्पांचा आवाज कसा होता?"
मी म्हटलं, स्पष्टता पाच, ताकद तीन.
म्हणजे काय, ती म्हणाली.
मला दुसऱ्या भाषेत सांगता येईना.

अकराव्या रात्री यादी लवकर संपली.
त्यांनी बटण सोडलं नव्हतं; मागे काहीतरी कलकलत होतं.
"ऐकलंत?" ते म्हणाले. "इतके दिवस कुठे होती कोण जाणे,
आणि आता अंडी घालतेय बाप्तिस्म्याच्या कुंडात.
पाद्रीबाबा म्हणतात, राहू दे."
मग तार. मग मीठ. मग अबाका, तो तर सगळाच झोपलाय.
सतरा मिनिटं.
सेबू, दावाओ, बागिओ, कुणी मध्ये पडलं नाही.
मी नळ बंद केला.