दगडामागे शेरभर

कन्नडच्या स्टँडवरून निघालेली जीप
पाण्याच्या शेवटच्या टाकीपाशी थांबते.
पुढे साग, सालई, अंजन
आणि फॉरेस्टचं फाटक.

रुस्तुम तडवी वही पुढं करतो.
नाव. गाव. माणसं किती. प्रयोजन.
प्रयोजनात सालोमी आत्या लिहिते : देणं.
तो वाचत नाही, शिक्का मारतो.
वरच्या अंगाला अस्वलीण व्यालीय, म्हणतो,
बोलत चला.

आधी नाला लागतो, फाल्गुनातला, कोरडा.
इथं दगड उचलायचा.
नियम कुणी लिहिला नाही, मोडलाही नाही कुणी.
मी मुठीत मावेल असा निवडतो, गुळगुळीत.
आत्याचा काळा, बसका, पाट्याएवढा.
गुडघ्यांना तिनं विचारलंच नाही.
पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवला,
आणि बोलायला लागली.

त्या साली तरोट्याची भाजीसुद्धा संपली होती.
खापरपणजी तुझी, रखमा, मग राहेल झाली,
कडेवर एक, पोटात एक.
पाद्री खिंडीत वही घेऊन बसायचा :
एक दगड वर आणा, शेरभर ज्वारी घ्या.
त्याला देऊळ पाहिजे होतं का आपल्याला जगवायचं होतं,
त्याचं त्याला ठाऊक.

सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडतात.
आत्याची गोष्ट संपते. चढ संपत नाही.
गप्प राहायची सोय नाही,
म्हणून मी ते सांगून टाकतो
जे तीस वर्षं घरात कुणाला सांगितलं नव्हतं :
शाळेत मला पोरं जोंधळ्याचे ख्रिस्ती म्हणायची.

आत्या धावड्याला टेकते. दगड तसाच डोक्यावर.
खरंच हाये की, म्हणते.
शेरभर. शीग लावून.
आणि चालू लागते.

मावलीचं चॅपल शाळेच्या एका वर्गाएवढं.
वर पत्रा. घंटा कधीच चोरीला गेली,
तिच्या जागी रुळाचा तुकडा टांगलाय.
आत काळोख, मेण, वटवाघळांचा वास.
मी बाहेरच थांबतो, भिंतीला हात लावून.

खालचे थर बैलाच्या डोक्याएवढे.
कमरेपाशी नारळाएवढे.
मग लहान होत जातात दगड,
छातीपाशी मुठीएवढे,
खांद्यापाशी तर नुसत्या लिंबाएवढ्या गोट्या,
चुन्यात दाबलेल्या, ओळीनं.
पाद्र्यानं त्यांनाही शेरच दिला म्हणे.
त्यावर एकदम पुन्हा मोठे,
थेट पत्र्यापर्यंत.

आत्या मान वर करून बघते.
इथं पाऊस झाला असंल, म्हणते.

बाजूच्या ढिगावर तिचा दगड, त्याच्यावर माझा.
माझा घरंगळून खाली येतो,
मी पुन्हा ठेवतो.
याकोब मामा पळसाच्या पानावर ज्वारीच्या घुगऱ्या देतो,
दगडामागे एक पान. मीठ कमी आहे.

तेवढ्यात रुस्तुम येतो खांद्यावर दगड घेऊन,
टोपी घामानं भिजलेली.
आज रविवार, माझी फेरी इकडंच असते, म्हणतो,
कुणी विचारलेलं नसताना.
घुगऱ्या घेतो, खात नाही.
रोजा आहे. रुमालात बांधतो संध्याकाळसाठी.
आत्या गाठ सोडायला लावते,
आणखी एक ओंजळ घालते, सांडेपर्यंत.

उतरताना अस्वलीला ऐकवायला
आमच्याजवळ काही उरलं नव्हतं.
रुस्तुम पुढं शीळ घालत चालला.