सतरावा वाफा

हुआंकायोच्या वर, जिथे गवतही दम खाऊन उगवतं,
आम्ही बटाट्याचे चोवीस वाफे आखले.
उताराला आडवे चार गट,
कारण वरची माती कोरडी, खालची ओल धरून,
आणि दोघींना एकाच तराजूत घालणं
हा पहिला अन्याय.

प्रत्येक गटात सहा.
पाचांना करप्याचं औषध, पाच वेगळ्या मात्रांत.
सहाव्याला काहीच नाही.
"काहीच नाही" हीसुद्धा एक मात्रा असते,
असं मी एलोयला समजावलं.
त्याने पंपाचं झाकण उगाचच पुन्हा पिळलं.

कुणाच्या वाट्याला काय, ते चिठ्ठ्यांवर सोपवलं.
सातुर्निना पोमाची टोपी घेतली, उलटी करून.
रान तिचं, टोपी तिची,
तरी मत मी तिचं विचारलं नाही.
दगडी बांधाजवळचा सतरावा, अगदी तिच्या दारासमोर,
त्याच्या नावाने निघाली कोरी चिठ्ठी.
ती म्हणाली, इथे नको.
मी म्हणालो, चिठ्ठीला डोळे नसतात, म्हणून तर ती बरी.
माझ्या मोडक्या केचुआत बहुधा
"चिठ्ठी आंधळी आहे" एवढंच पोचलं.
तिने च् च् केलं, आंधळ्यासाठी करतात तसं.

मे महिन्यात काढणी. काटा एलोयकडे, वही माझ्याकडे.
कोऱ्या वाफ्यांचे किलो, वरून खाली:
नऊ, अकरा, एकतीस, आठ.

लीमात परतून उरलेल्या फरकांचा आलेख काढला.
ठिपके सगळे शून्याच्या रेषेला धरून,
थंडीत चुलीभोवती सरकल्यासारखे,
आणि एकच लांब वर, बिनघोर.
मी आधी काट्याला दोष दिला,
मग एलोयला,
मग माझ्या अक्षराला.
शेवटी बस धरली.

सातुर्निनाने काही लपवलं नाही.
रोज पहाटे, दव असतानाच,
चुलीतली राख ओंजळभर, पानापानावर.
"बाकीच्यांना तू पाजत होतास.
हे माझ्या दाराशी उपाशी. मला घास जाईना."
असेच आणखी तीन होते, मी म्हणालो.
"ते माझ्या दारातून दिसत नाहीत."

वीस वर्षं मी वर्गात पूर्वग्रह शिकवतो.
इतकी आटोपशीर व्याख्या कधी सुचली नव्हती.

नोंदवहीत नुकसानीच्या कारणांचा रकाना असतो:
गारपीट, उंदीर, चोरी, पाणी साचलं.
पेन धरून बराच वेळ बसलो.
लिहिलं: इतर.

मग एकतीस खोडले.
गेलेल्या वाफ्याचा अंदाज बांधायची रीत जुनी आहे:
त्याच्या तीन उपाशी भावंडांची बेरीज सहापट,
गटातल्या पाच शेजाऱ्यांची चौपट,
त्यातून सगळ्या रानाचं वजन वजा,
उरेल त्याला पंधराने भागा.
नऊ किलो तीनशे ग्रॅम.
कुठल्याच मातीत न पिकलेले ते बटाटे
तक्त्यात जाऊन बसले, तारांकित.
वर दंड म्हणून
स्वातंत्र्याच्या पंधरा कोटींतली एक कोटी गेली.

आणि खरे एकतीस किलो
पोत्यात, तिच्या भिंतीला टेकून.
त्यातलेच तिने उकडले, सालीसकट,
मीठ आणि हिरव्या मिरचीचं वाटण पुढे ठेवलं.
विश्लेषणातून वगळलेले, भुसभुशीत, गरम.
एलोयने नऊ खाल्ले. मी मोजत होतो,
सवय.

ऑक्टोबरात पुन्हा तेच रान, तीच टोपी.
या खेपेला चिठ्ठ्या मी काढते, सातुर्निना म्हणाली.
बांधाजवळच्या वाफ्याची पाळी आली.
तिने हात घातला, तळापर्यंत ढवळलं,
एक उचलली, उघडली,
माझ्यापुढे धरली.
कोरी.

वाफ्याकडे बघितलं तिने, मग घराकडे.
मग एलोयला म्हणाली,
लावणीच्या आधी एक दिवस ये,
माझं दार पलीकडच्या भिंतीत काढून दे.