फिती गुंडाळताना

कागदी फितीच्या पोटात पुठ्ठ्याची नळी असते,
ती आधी काढायची.
नाहीतर फेकलेली फीत डोक्याला लागते.
हे मला हात्सुएबाईंनी शिकवलं, अकरा वर्षांपूर्वी,
मुरोरानमधल्या पालिकेच्या हॉलात,
दोघींच्याही हातांना मासळीचा वास.
नळी काढून पुन्हा गुंडाळायची, सैल,
टोक बोटांत धरून बाकीची सोडायची,
म्हणजे ती हवेत उलगडत जाते
आणि रिंगपर्यंत पोचताना तिला वजन उरत नाही.

जांभळा रंग कुमागाई रेंझोचा.

तो फारसा जिंकायचा नाही.
एकशे अठरा किलो, दोन्ही गुडघ्यांना पट्टे,
बर्फ उपसून घरी निघालेल्या माणसासारखी चाल.
दर रविवारी कुणीतरी त्याला अस्मान दाखवायचं.
अस्मान म्हणजे हॉलचं छत,
तिथे तुळईत अडकलेलं बॅडमिंटनचं एक जुनं शटल.
एक. दोन.
आणि अडीचला त्याचा खांदा उठायचा.
त्या अर्ध्याचे पैसे भरायचो आम्ही.

माझा दीर म्हणतो, सगळं ठरलेलं असतं.
असतं. ठाऊक आहे.
बर्फही दरवर्षी ठरल्यासारखा पडतो,
पाठ आपलीच मोडते.

मंगळवारी, कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कळलं:
अकिता, स्वस्तातलं हॉटेल, आंघोळीचा टब, हृदय.
वय एकेचाळीस.
कॉडची पोटं फाडणारा इवाओ सुरी पुसत म्हणाला,
हाही डावच असणार.
कारण एकदा तो निवृत्त झाला होता, आठ आठवडे,
आणि हिरवा मुखवटा घालून परत आला होता.
चालीवरून शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं,
पण आम्ही ओळखलं नाही.
आम्ही सगळ्यांनी मिळून ओळखलं नाही.
म्हणून या वेळीही थांबलो.
बुधवार. गुरुवार.
शुक्रवारी पेपरात त्याच्या आईचा फोटो आला, काळ्या किमोनोतला.
मान त्याच्यासारखीच, आखूड.

पाठीला माती कधी लागली नाही त्याच्या,
लागायचं ते ताणलेलं कापड, घामानं पिवळं पडलेलं.
आणि मातीला आम्हाला बोलावणं नव्हतं;
ते घरच्यांचं काम.
आमच्या वाट्याला हा हॉल,
रिंगच्या मधोमध फोटो आणि त्याचे बूट.
नाड्या नीट बांधलेल्या.
कुणी बांधल्या असतील?

घंटेचे दहा ठोके द्यायचे असतात.
आम्ही उभे राहिलो, टोप्या काढून.
चौथ्याच्या सुमारास ऐकलं,
हात्सुएबाई ओठातल्या ओठात मोजत होत्या.
मग वाटलं, सगळेच मोजतायत,
आडव्या पडलेल्या माणसासाठी मोजतात तसं.
सात.
आठ.
नऊला नोझोमु ओरडला, इयत्ता दुसरीतला,
ऊठ!
कुणी त्याला गप्प केलं नाही.
घंटेवरचा म्हातारा हातोडी वर धरून राहिला.
किती वेळ, सांगता येत नाही;
ठरलेल्यापेक्षा जास्त, एवढं नक्की.

दहा.

निवेदकानं शेवटचं नाव पुकारलं, वजनासकट,
आणि चारी बाजूंनी जांभळं उठलं.
दोऱ्यांवर, फोटोवर, पंचांच्या खांद्यांवर.
शिकाऊ पोरं सवयीनं धावली, कवेत फिती गोळा करायला,
पुढची कुस्ती दोन मिनिटांवर असल्यासारखी.
मग त्यांच्या लक्षात आलं की घाई नाही,
आणि हातातल्या ढिगाचं काय करावं ते कुणालाच सुचेना.

रात्री गुंडाळताना एका फितीची नळी
माझ्याकडून काढायची राहिली होती.
ती सरळ गेली, उलगडलीच नाही,
थाडकन डाव्या बुटावर आदळली.
बूट आडवा झाला.

सगळ्यात लहान पोरगा पुढे आला, गुडघ्यावर बसला,
बूट उभा केला,
नाडीवरची धूळ बोटानं झटकली.

हात्सुएबाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या,
लागलं असतं ना त्याला.