बारा मायक्रोसेकंद

फैजपूरला, फिरके सरांच्या पत्र्याच्या खोलीत
थर्माकोलचं विमान खाटेवर उताणं पडलेलं,
पोटातून काढलेला रिसीव्हर टेबलावर,
काडेपेटीहून लहान.
"बिघडेल आहे हा," सर म्हणाले,
"मले न इचारता थरथर करतो."
पाणी संपलेला कूलर नुसताच मे महिना फेकत होता.

तीन तारा. तपकिरी, लाल, नारिंगी.
बोलणं सगळं नारिंगीतून.
दर वीस मिलिसेकंदांनी एक ठोका,
आणि ठोका किती वेळ उभा राहिला एवढाच त्याचा अर्थ:
हजार म्हणजे पार डावीकडे,
दोन हजार म्हणजे पार उजवीकडे,
दीड हजार म्हणजे
काहीच म्हणायचं नाही.

चौदा ओळी लिहिल्या मी.
ठोका चढला की घड्याळ बघ, उतरला की पुन्हा बघ,
वजाबाकी कर, छाप.
तिसरीतल्या पोराचं गणित,
फक्त सेकंदाचे दहा लाख तुकडे केलेले.

आधी नुसती शून्यं आली.
"ग्राउंड, माय, ग्राउंड!
आयटीआयत वीस वरस हेच तं शिकवलं तुम्हाले."
तपकिरी तार खोचली
आणि आकडे सांडले, फाटक्या पोत्यातून ज्वारी सांडावी तसे.

१५०० १५०० १५०१ १५००
रिमोट टेबलावर, दांडी मोकळी.
"आता धरा, सर."
त्यांनी अंगठा ठेवला. हलवला नाही.
१४८९ १५११ १४९० १५१०
"पाह्यलं? मी तं काहीच करत नाही!"
मी धरला. १५००. १५००.
परत त्यांच्या हातात दिला.
१४९१
१५०९

याच अंगठ्यानं एकदा
मुंगीच्या पायाएवढ्या पिनवर कथिलाचा थेंब ठेवला होता,
शेजारच्या पिनला कळूही न देता.
सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.
मला वाटलं, बरं झालं.

पाठ करून बसले, पंधरावी ओळ लिहिली:
फरक बाराच्या आत असेल तर शून्य समज.
बोर्ड रिसीव्हर आणि सर्व्होच्या मधे बसवला,
वरून काळी टेप.

संध्याकाळी, केळी कापून मोकळ्या झालेल्या शेतात
मी धावत जाऊन विमान सोडलं.
ते सातपुड्याकडे सरळ गेलं,
इतकं सरळ, की कुणाच्याच हातात नसावं.
"काय बिघडेल होतं वं?"
"दांडीत धूळ होती, सर."
"मी म्हने ना."

अंधार पडता पडता पंख सुटे केले,
तारा गुंडाळल्या.
"चौदा ओळी म्हनत होती ना तू?
पंधरा मोजल्या मी.
जवळचं मले चष्म्याबिगरच दिसते."

मी रिमोटमधले सेल काढत राहिले, एकेक.
दूर कुणाचा तरी पंप सुरू झाला.
मग स्टँडपर्यंत
आम्ही दोघंही दीड हजारावर.