एक मार्क

सातऱ्यावरून परतताना दोन्ही हात
मी अंगापासून लांब धरून चालते,
जसे कुणा दुसऱ्याचे आहेत
आणि घरी पोचते करायचे आहेत.

सकाळपासून देठ खुडले, अठ्ठावीस किलो.
भिवापुरी मिरची दिसायला बुटकी.
नखांच्या कोरीत काय बसलंय
ते पदर सारखा करताना
मानेला कळतं.

न्हाणी म्हणजे तीन ताट्या आणि एक फरशी.
प्रणोती पाण्याचा गंज भरून उभी,
कानामागे पेन्सिल तशीच.
कामाची साडी बाहेरच्या खुंटीवर,
घरातल्या कपड्यांना शिवत नाही.

पहिल्या दिवशी तिनं सरळ पाणीच ओतलं होतं
आणि मी शेजारपाजार गोळा केला होता.
मिरची पाण्याला भीत नाही,
पाण्यावर बसून अंगभर हिंडते.
मग सयत्राबाईनं सांगितलं,
आंधी टोरीचं तेल, कोपरापर्यंत जिरव,
मंग डाळीचं पीठ, कोरडंच,
मंग साबण.
अन् पाणी गार पाह्यजे.
ऊन घेशीन तं रातभर बाजेवर बसून राह्यशीन.
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
वीस वर्षं जळून तिनं ते गोळा केलं होतं.

तोंड मी धूत नाही. तोंड प्रणोती धुते.
डोये मीट, म्हणते, अगदी माझ्या आवाजात.
तिचा तळवा कपाळावरून उतरतो,
कानाच्या पाळीमागे थांबतो,
तिथे मी तिला लहानपणी घासायची.

चाचणीत प्रश्न आला :
अंघोळ केव्हा व कशी करावी?
तिनं लिहिलं, संध्याकाळी.
पाण्याच्या आधी तेल.
आईचे तोंड मुलीने धुवावे.
सरांनी लाल रेघ मारली,
बाजूला लिहिलं, रोज सकाळी, कोमट पाण्याने.
एक मार्क गेला.

शाळेत येऊन सांगू का, मी विचारलं.
राहू दे, म्हणाली,
त्याइच्या घरी मिरची नसन.

आता पंचा. हात चोळायचे नाहीत, टिपायचे.
बोटांच्या भेगांत थोडं खोबरेल.
मग ती माझं पहिलं बोट धरते,
जिभेच्या टोकाला जरासं लावते,
डोळे बारीक करून वाट बघते,
दवाखान्यातली बाई काचेची नळी बघते तशी.

अखीन आहे, म्हणते.

आणि तेलाची बाटली पुन्हा उघडते.