बाणाचं टोक

प्राध्यापक निगमांसाठी आकृत्या मी काढायचो,
लखनौला, विभागाच्या मागच्या खोलीत, टाकाने.
मध्ये ठाकुरांची घरं,
भोवती लोहार, कुम्हार, धोबी, नाऊ,
आणि घराघरांतून जाणारे बाण:
इकडून काम, तिकडून धान्य.
सर म्हणायचे, बघ, किती सुरेख विणलंय.
खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं:
‘परस्परावलंबन’.
मलाही आवडला होता तो शब्द. बावीस वर्षांचा होतो.

बेलहरीच्या नाउनीला, सुखदेईला, कागद दाखवला
तेव्हा ती ठाकुरांच्या सुनेचे पाय रंगवून आली होती.
महावर म्हणतात तिकडे अळत्याला.
बोटं मनगटापर्यंत लाल.
“यात मी कुठली?”
मी बाण दाखवला. तिने हात लावला नाही,
कागद बिघडेल म्हणून. नुसती वाकली.
“याला टोक आहे की, भैया.
कुणाच्या अंगणात रुततंय ते नाही लिहिलं?”

मी हसलो. वहीत नोंद केली:
‘उत्तरदात्री विनोदी स्वभावाची.’

मग पुष्कळ शब्द आले.
परंपरा, आधुनिकता, दोन्हींची मिसळ;
गाव वरून बदलतं की आतून
यावर परिसंवादांत आम्ही चहा निवेपर्यंत भांडलो.
सर गेले. पुस्तक तीनदा छापलं,
बाण दर वेळी थोडे जाड.

चौतीस वर्षांनी पुन्हा बेलहरी.
प्रश्नावली नवी, रकाने तेच:
चाल टिकून. मोडली. अंशतः.
सुखदेईच्या मुलीचं, फूलमतीचं, सडकेवर पार्लर,
भिंतीवर दरपत्रक:
महावर एकशे एक, लग्नात अडीचशे,
उधार बंद, धान्य घेतलं जाणार नाही.
बाकावर ठाकुरांची नातसून, नंबर तिसरा.
मी पेन काढलं.
टिकून म्हणू? मोडली म्हणू?
‘अंशतः’वर खूण करणं तर शुद्ध पळपुटेपणा.

आत पंख्याखाली सुखदेई. दिसत नव्हतं तिला आता.
आवाजावरून ओळखलं, की तसं दाखवलं, कोण जाणे.
“नकाशावाला,” म्हणाली.
“शंभर प्रश्न विचारलेस तेव्हा.
किती शेळ्या, किती शेर, कुणाच्या हातचं पाणी.
नाउनीचे पाय कोण रंगवतं
ते नाही विचारलंस.”

फूलमती गिऱ्हाईक तसंच सोडून आली,
वाटी घेऊन खाली बसली,
आईची टाच मांडीवर घेतली.
बाहेर ठाकुरांची नातसून घड्याळ बघत होती.
पहिला हात दिसलाच नाही,
भेगांत नुसता जिरत गेला रंग.